बिबची मागची बाजू

पाली ‘उदान’ या ग्रंथात बाहिय नावाच्या एका तपस्व्याची गोष्ट आहे. तो राहायचा समुद्रकाठच्या शूर्पारकात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या परिसरात. लोक त्याला मानायचे, त्याची भिक्षा कधी चुकत नसे, आणि आपण ‘पोहोचलेले’ आहोत असं हळूहळू त्यालाही वाटू लागलं होतं. तसं नाही, हे कळलं तेव्हा तो होता तसा उठला आणि बुद्धांना भेटायला श्रावस्तीकडे निघाला. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी हे अंतर हजार किलोमीटरच्या वर भरतं. वाटेत एका रात्रीहून जास्त तो कुठेही थांबला नाही. बुद्ध भेटले ते भिक्षेच्या फेरीवर असताना. ही वेळ नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाहियानं तिसऱ्यांदा विनवलं: त्यांच्या किंवा आपल्या जिवाला कधी काय होईल याचा भरवसा नाही, तेव्हा आत्ताच सांगावं. बुद्धांनी रस्त्यातच मोजक्या शब्दांत उपदेश केला. त्यानंतर थोड्याच वेळात एका वासरवाल्या गाईनं हल्ला केला आणि बाहिय मेला.

या गोष्टीतून दोन अगदी उलट अर्थ निघतात. एक असा, की एवढा पल्ला सुखरूप पार केलेला माणूस गाईच्या शिंगांनी जातो, तर मग काळजी करून उपयोग काय? दुसरा असा, की भरवसा नाही हे बाहियाला आधीच ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं मिळालेली वेळ वाया घालवली नाही. मृत्यूची अनिश्चितता एकाला हात सैल सोडायला लावते, दुसऱ्याला कंबर कसायला.

त्याच भूमीवर आता दर वर्षी हजारो माणसं पहाटे धावायला उभी राहतात. वसई-विरार शहर महानगरपालिकेनं २०११ साली महापौर मॅरेथॉन सुरू केली. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं ती झाली नाही. २०२२ मध्ये दहावी मॅरेथॉन झाली आणि अलीकडे ती डिसेंबरात होते. देशभरातले नामवंत धावपटू येतात, पण गर्दी असते ती स्थानिकांचीच: पहाटेची लोकल पकडण्याऐवजी त्या दिवशी बूट बांधणारे नोकरदार, सेवानिवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं, पहिल्यांदाच एवढं धावणाऱ्या गृहिणी. त्यांच्यातल्या कुणाला विचारावं, ‘डॉक्टरला दाखवलंस का?’ तर हसून उत्तर येतं, ‘आयुष्याची दोरी बळकट आहे.’ कुणी म्हणतं, ‘देव तारी त्याला कोण मारी.’ घरातली म्हातारी माणसं मान डोलावतात: लिहिलेलं असेल ते चुकत नाही.

हे नुसतं आळसावर घातलेलं पांघरूण नाही. त्यामागे एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. आयुष्य आधीच ठरलेलं असेल, तर ईसीजी काढून काय साधणार? आणि ठरलेलं नसेल, तर ज्या देवाच्या पायाशी डोकं ठेवून शर्यतीला निघायचं, त्याच्या हातात नेमकं काय उरलं?

हाच प्रश्न चरकसंहितेत अग्निवेशानं आपल्या गुरूला विचारला आहे. विमानस्थानाचा तिसरा अध्याय साथीच्या रोगांवरचा. गंगेच्या काठी, कांपिल्य नगरीजवळ पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. गावंच्या गावं एकाच वेळी का मरतात, हे सांगून झाल्यावर अग्निवेश विचारतो: सगळ्यांच्या आयुष्याचा काळ नियत असतो की नसतो? आत्रेयांचं उत्तर आजच्या कुठल्याही वैद्यकीय व्याख्यानाइतकं रोखठोक आहे. सगळंच नियत असतं, तर दीर्घायुष्यासाठी कुणी मंत्र म्हटले नसते, औषधं घेतली नसती, होम केले नसते. पिसाळलेली गाय, हत्ती, उंट किंवा रेडा अंगावर आला तरी बाजूला व्हायची गरज पडली नसती. खोल दरीपासून किंवा पुराच्या पाण्यापासून लांब राहण्यालाही अर्थ उरला नसता. चवताळलेल्या प्राण्यांच्या या यादीत गाय पहिली आहे. बाहियाच्या गोष्टीशी तिचा संबंध नाही, तरी तो आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढे आत्रेय गाडीच्या आसाचा दृष्टांत देतात. चांगल्या लाकडाचा, नीट घडवलेला आस योग्य भार वाहत राहिला तर आपल्या वेळेला झिजून संपतो. तो त्याचा कालमृत्यू. पण तोच आस ओझं जास्त झालं, रस्ता खडबडीत असला, चाक मोडलं, हाकणारा किंवा ओढणारं जनावर वाईट निघालं, वंगण घातलं नाही, तर मध्येच तुटतो. तो अकालमृत्यू. शरीराचंही तसंच. आस मजबूत होता की कच्चा, हे गाडीवानाच्या हातात नसतं. ओझं, वाट आणि वंगण मात्र असतं.

आणि दैव म्हणजे तरी काय? आत्रेयांच्या मते आधीच्या देहात केलेलं कर्म ते दैव, या देहात केलेलं कर्म तो पुरुषकार. दोन्हींत जे बलवान ते दुसऱ्याला दाबतं. म्हणजे दैव ही आकाशातून टाकलेली चिठ्ठी नव्हे. तेही कुणाच्या तरी कृतीचंच साठलेलं फळ. पुनर्जन्म न मानणाऱ्यालाही हा विचार उपयोगी पडतो. आईवडिलांकडून आलेला हृदयाचा जाड स्नायू आणि गेली वीस वर्षं ओढलेल्या विड्या, दोन्ही शर्यतीच्या पहाटे ‘आधीचं’ म्हणूनच माणसाबरोबर उभे असतात.

मॅरेथॉनच्या मुळाशीच एक मृत्यू आहे, हे विसरता येत नाही. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईतल्या विजयाची बातमी घेऊन धावत अथेन्सला आलेला दूत बातमी सांगून कोसळला, ही कथा जगभर सांगितली जाते. पण लढाईनंतर काही दशकांतच लिहिणाऱ्या हेरोडोटसला ती माहीत नाही. त्याचा धावपटू स्पार्टाकडे मदत मागायला जातो आणि कुठेही मरत नाही. कोसळून मरणारा दूत येतो तो कित्येक शतकांनंतरच्या प्लुटार्क आणि ल्युसियन यांच्या लेखनात. लोकांना पोहोचलेल्या धावपटूपेक्षा मेलेला धावपटू जास्त भावला.

या मोहाला वसईकडे स्वतःचं उत्तर आहे. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आलं, आणि १८६२ साली चर्चनं त्यांना संत म्हणून घोषित केलं. त्यांच्या नावानं प्रार्थना करणारा कुठलाही धर्मगुरू सांगेल, की हुतात्मा मरण शोधायला जात नाही. श्रद्धा सोडत नाही म्हणून मरण त्याच्याकडे येतं. याच धर्माच्या मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी मारायला सांगतो, देवदूत झेलतीलच या भरवशावर. येशू नकार देतो, देवाची परीक्षा पाहायची नसते म्हणून. छातीत दुखत असताना ‘देव बघेल’ म्हणून दामटत राहणं हीच त्या शिखरावरची उडी. तिर्मिझींच्या हदीस-संग्रहातला माणूस प्रेषितांना विचारतो, उंट बांधू की अल्लावर भरवसा ठेवून मोकळा सोडू? उत्तर येतं: आधी बांध, मग भरवसा ठेव. आत्रेयांनी मंत्र आणि औषध एकाच वाक्यात मांडले, यातही हाच अर्थ आहे. प्रार्थना आणि तपासणी या एकमेकींच्या सवती नाहीत.

आता आकड्यांकडे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास झाला. त्यांच्यातल्या ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा शर्यत संपताच बंद पडलं आणि ४२ जण दगावले. त्याच पद्धतीचा दुसरा अभ्यास २०१० ते २०२३ या काळाचा, सुमारे २ कोटी ९३ लाख धावपटूंचा. हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकंच राहिलं. मरणाचं प्रमाण मात्र निम्म्यावर आलं. आधी हृदय बंद पडलेल्या शंभरातले ७१ जात होते, नंतर ३४.

हे दोन आकडे अग्निवेशाच्या प्रश्नासमोर ठेवून पाहावेत. कोसळणं जणू नियत असल्यासारखं तसंच राहिलं. बदललं ते कोसळल्यानंतरचं. लगेच छाती दाबणारे हात आणि विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणारं एईडी यंत्र जास्त लवकर पोहोचू लागलं. दैवानं आपलं काम केलं आणि पुरुषकारानं आपलं.

पण इथेच जुन्या वादातला एक कच्चा दुवा उघडा पडतो. दैव विरुद्ध प्रयत्न हा वाद आपण नेहमी एकाच माणसाभोवती मांडतो: त्याचं दैव, त्याचे प्रयत्न. हृदय बंद पडलेला माणूस तर काहीच करू शकत नाही. तो बेशुद्ध असतो. मदत मिळाली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. त्या क्षणी त्याचा पुरुषकार त्याच्याकडे नसतोच. तो रस्त्याकडेला पाणी वाटणाऱ्या मुलाकडे असतो, मागून येणाऱ्या अनोळखी धावपटूकडे असतो, बंदोबस्ताच्या पोलिसाकडे असतो.

छातीवर लावायच्या नंबराला धावपटू ‘बिब’ म्हणतात. पुढच्या बाजूला ठळक आकडा, फोटोत येणारा. बहुतेक शर्यतींत मागच्या बाजूला रक्तगट, आजार, औषधं आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायला जागा असते. अनेकांच्या बिबवर ती कोरीच राहते. पुढची बाजू सांगते, मी काय करणार आहे. मागची बाजू कबूल करते, की मला काही करता आलं नाही तर ते दुसऱ्या कुणाला करावं लागेल. ‘लिहिलेलं चुकत नाही’ म्हणणाऱ्यानं निदान तिथे तरी लिहायला हवं.

मुंबईच्या शर्यतीत २०२० साली ६४ वर्षांचा एक धावपटू हृदय बंद पडून गेला. २०२४ मध्ये त्याच शर्यतीत दोघांचा मृत्यू झाला. अशा बातमीनंतर दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘धावायलाच नको.’ दुसरी, ‘त्याची वेळ भरली होती.’ दोन्हींनी विचार थांबतो. लाखो धावपटूंत एखाददुसऱ्याचं हृदय बंद पडतं, तेव्हा धावणं हा जिवाशी खेळ नव्हे. पण ते निर्धोकही नव्हे. आयुर्वेदानं व्यायामाची मर्यादा अर्ध्या शक्तीची सांगितली. सुश्रुतानं तिची खूण दिली ती श्वास तोंडावाटे येऊ लागण्याची. या मापानं ४२ किलोमीटर १९५ मीटर धावणं हा आरोग्याचा व्यायाम ठरत नाही. आत्रेयांच्या यादीतला तो अतिभार आहे, आणि तो माणूस आपणहून उचलतो. म्हणून वंगणाची जबाबदारी त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त येते.

ती जबाबदारी काय, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. चालताना-धावताना छातीत दडपण, न शोभणारी धाप, भोवळ किंवा धडधड जाणवली तर नाव नोंदवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञ गाठावा. घरात कुणी कमी वयात अचानक गेलं असेल तर ते लपवू नये. चाळिशीकडे झुकलेल्यांनी, रक्तदाब, साखर किंवा तंबाखू असलेल्यांनी तपासणी करून घ्यावी. भारतीयांना हृदयविकार तुलनेनं लवकर गाठतो. तपासणी नीट आली म्हणजे अभयदान मिळालं, असंही नाही. रक्तवाहिनीतला लहानसा थर ईसीजीत न दिसता शर्यतीच्या दिवशी फुटू शकतो. ताप असताना किंवा तापातून उठल्या उठल्या मात्र धावूच नये, कारण विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेला असू शकतो. पावसाळा सरता सरता डेंग्यू-फ्लूनं वसई-विरारचे दवाखाने भरतात, आणि डिसेंबरच्या शर्यतीचा सराव नेमका त्याच दिवसांत रंगात आलेला असतो.

सरावाचा काळ आणखी एका अर्थानं धोक्याचा. शर्यतीच्या पहाटे हवा त्यातल्या त्यात गार असते, मार्गावर रुग्णवाहिका असतात. ऑक्टोबरच्या उन्हात एकट्यानं पंचवीस किलोमीटर काढणाऱ्याच्या मागे कुणी नसतं. किनाऱ्याची दमट हवा घाम सुकू देत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही. शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलं, बोलणं भरकटू लागलं, पाय वाकडे पडू लागले, की तो उष्माघात. अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं: जमलं तर बर्फाच्या पाण्यात बसवायचं, नाहीतर अंगभर पाणी आणि बर्फ. अमेरिकेतल्या फॉलमथच्या शर्यतीत १८ वर्षांत २७४ धावपटूंना उष्माघात झाला. त्यांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवलं गेलं आणि एकही दगावला नाही. उलट १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात तासन् तास बसलेल्या भाविकांपैकी १४ जणांचा बळी गेला. ती माणसं शर्यतीला नव्हे, श्रद्धेनं आली होती. ऊन श्रद्धेची चौकशी करत नाही. माणसांची फिकीर सावली आणि पाण्याची सोय करणाऱ्यांनी करायची असते.

काळजीचाही अतिरेक होतो. ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला एके काळी मंत्रासारखा दिला जायचा. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामाहून जास्त पाणी ज्यांच्या पोटात गेलं होतं, त्यांना हा धोका सर्वांत जास्त होता. त्याच शर्यतीत एक तरुण स्त्री यामुळे दगावली. आता सांगतात, तहान लागेल तेवढंच प्यावं. तसंच वेदनाशामक गोळ्यांचं. गुडघा दुखू नये म्हणून शर्यतीआधी घेतलेली गोळी घाम गाळणाऱ्या शरीराच्या मूत्रपिंडांवर ताण आणते. भीतीपोटी केलेली तयारी ही श्रद्धेपोटी केलेल्या दुर्लक्षाइतकीच आंधळी असू शकते.

शेवटचा किलोमीटर हा खरा कसोटीचा. बहुतेक हृदयं शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात बंद पडतात. समोर कमान दिसते, लाऊडस्पीकरवर नावं पुकारली जातात, घरची माणसं मोबाइल उंच धरून उभी असतात, आणि थकलेला माणूस अचानक जोर लावतो. तिथे थांबणं किंवा चालू लागणं याला आपल्याकडे हार म्हणतात. मग बिचाऱ्या दूताची ती कथा सगळ्यांच्या कानात वाजू लागते. शर्यत अर्धवट सोडणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, आणि हा दोष धावणाऱ्याइतकाच बघणाऱ्यांचाही आहे. पुरुषकार सामायिक असेल तर अविचारही सामायिक असतो.

वसई-विरारकडे हा सामायिकपणा शिकवायच्या जागा आधीपासून आहेत. नवरात्रात विरारच्या जीवदानीच्या पायऱ्या हजारो माणसं चढतात, त्यांत साठी ओलांडलेले आणि मधुमेही कितीतरी. चर्चच्या सणांना, उरुसाला, आषाढीच्या दिंड्यांना अशीच गर्दी असते. कोसळण्याचा धोका जो मॅरेथॉनला, तोच तिथेही. छाती दाबायला शिकवणं एका तासाचं काम आहे: तळहात छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, आणि दुसऱ्या कुणी तोवर १०८ ला फोन लावायचा. देवस्थानाच्या सभामंडपात, चर्चच्या हॉलमध्ये, मशिदीच्या आवारात दर वर्षी नोव्हेंबरात हा एक तास ठेवता येईल. शर्यतीच्या स्वयंसेवकांनाही तिथेच बसवता येईल. मग मॅरेथॉनच्या निकालपत्रकात पहिल्या तिघांच्या वेळांशेजारी आणखी एक वेळ छापायला हरकत नाही: त्या दिवशी कुणी कोसळलंच असेल, तर मदतीचा पहिला हात त्याच्यापर्यंत किती सेकंदांत पोहोचला.